कवायत की बास्केटबॉल? दोन महायुद्धांमधल्या अमेरिकन हायस्कुलांची गोष्ट

मराठे_इंडियाना

इथे इंडियानात हायस्कूलच्या बास्केटबॉलबद्दल म्हातारी माणसं ज्या भक्तिभावाने बोलतात, तसं आपल्याकडे रणजीबद्दलही कुणी बोलत नाही. मार्टिन्सव्हिल हे गाव घ्या. १९२४ साली तिथल्या शाळेसाठी जिम (म्हणजे छताखालचं क्रीडागृह) बांधलं, त्यात पाच हजारांवर माणसं बसायची. अख्खं गाव तान्ह्या पोरांसकट आलं असतं तरी सगळ्यांना जागा मिळाली असती. ही हौस कुठून आली ते शोधायला गेलो आणि हाती भलतंच काही लागलं, म्हणून हा धागा.

त्याच काळात शिकागोसारख्या मोठ्या शहरांतल्या शाळांत खाकी गणवेशातली पोरं खांद्यावर रायफल घेऊन कवायत करत होती. हे म्हणजे ज्युनिअर आरओटीसी (रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर), विद्यार्थ्यांना लष्करी प्रशिक्षण देणारी सैन्याची योजना. १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने आरओटीसी उभी राहिली. तिची वरची शाखा कॉलेजांत, धाकटी हायस्कुलांत. निवृत्त अधिकारी किंवा हवालदार दर्जाचा शिक्षक, रायफली आणि गणवेश हे सगळं सैन्याकडून. शाळेने फक्त मुलं, जागा आणि वेळ द्यायचा.

कायद्यातल्या दोन अटी मला फार बोलक्या वाटल्या. एक, तुकडी काढायला १४ वर्षांवरचे, तब्येतीने धड असे किमान १०० मुलगे हवेत. दोन, आठवड्याला सरासरी ३ तास प्रशिक्षण हवं.

आता १०० मुलगे आणायचे कुठून? इंडियानातल्या विंगेट गावच्या शाळेत पटावर मोजकी पोरं. त्या शाळेने १९१३ आणि १९१४ अशी लागोपाठ दोन वर्षं राज्य अजिंक्यपद जिंकलं, तेही स्वतःचं जिम नसताना. केंटकीच्या डोंगरातलं कार क्रीक तर त्याहून चिमुकलं. १९२८ साली त्यांच्या संघात आठ पोरं होती आणि सराव उघड्यावर. ती राज्याच्या अंतिम सामन्यात पोचली आणि अ‍ॅशलंडकडून १३–११ अशी हरली, पण चार वेळा जादा वेळ खेळवल्यावर! अशा शाळांत आरओटीसी निघणं शक्यच नव्हतं. बास्केटबॉलला पाच जण पुरतात. फुटबॉलसारखे अकरा गडी लागत नाहीत, शिरस्त्राणं-पॅड लागत नाहीत. सुगी आटोपली की हिवाळाभर शेतकऱ्याच्या पोराला वेळच वेळ, आणि गवताच्या कोठारात भिंतीला एक कडं ठोकलं की झालं काम.

तर माझं म्हणणं असं: पहिल्या महायुद्धाने अमेरिकेला 'आपली पोरं कमकुवत आहेत' अशी धास्ती घातली. त्यावरचा सरकारी तोडगा कवायत, तो शहरी शाळांत रुजला. गावांनी आपला तोडगा आपणच काढला. जिथे दोन्ही होतं तिथे एकाच तासासाठी आणि एकाच जिमसाठी ओढाताण झाली.

अंतिम टप्प्याचं सांगायचं राहिलं. शिकागो विद्यापीठात अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग या गाजलेल्या प्रशिक्षकाने १९१७ मध्ये हायस्कुलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. १९१८ आणि १९१९ ला युद्धापायी ती झाली नाही. १९२० ला पुन्हा सुरू झाली आणि विजेता कोण, तर तेच विंगेट! १९२८ ला अ‍ॅशलंड जिंकलं. कार क्रीकच्या पोरांनाही तिथे बोलावणं होतं आणि वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. १९२९ आणि १९३० ला टेक्सासचं अथेन्स जिंकलं, आणि तिथेच स्पर्धा बंद पडली.

चकोर

वाचनखूण साठवली आहे. स्पर्धा बंद का पडली पण? एवढी गाजत होती तर.

मराठे_इंडियाना

राज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांनी आणि त्यांच्या राष्ट्रीय महासंघाने विरोध केला म्हणून. पोरांचे शाळेचे दिवस बुडतात, हजारो मैल प्रवास होतो, आणि मुख्य म्हणजे विद्यापीठं पुढचे खेळाडू हेरण्यासाठी हे मांडतात, असा त्यांचा आक्षेप. तो अगदीच खोटा नव्हता. बाहेरगावच्या संघांना शिकागो विद्यापीठातल्या विद्यार्थी-मंडळांच्या घरांतच उतरवत. चार दिवस पाहुणचार झोडलेल्या पोराला पुढे कुठलं कॉलेज आठवणार?

माजी_कॅडेट

मराठेसाहेब, छान विषय. पण "एकाच तासासाठी ओढाताण" हे जरा उलगडून सांगा. आम्ही एनसीसीत होतो तेव्हा परेड शनिवारी-रविवारी सकाळी असायची, पीटीच्या तासाशी तिचा काही संबंध नव्हता.

आणि आपल्याकडेही हे त्याच काळात सुरू झालं हे सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, युनिव्हर्सिटी कोअर निघाली. १९२० च्या प्रादेशिक सेनेच्या कायद्यानंतर तिची यूटीसी (युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर) झाली, १९४२ ला यूओटीसी (युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर). पंडित कुंझरू समितीच्या अहवालानंतर १९४८ ला एनसीसी. पण ते सगळं कॉलेजांपुरतं. शाळकरी मुलांपर्यंत हे पोचलं ते एनसीसीच्या ज्युनिअर डिव्हिजनमुळे, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. त्याआधी शाळेच्या पातळीवर आपल्याकडे ठळक नाव नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलचं, १९३७. तिचे संस्थापक डॉ. मुंजे १९३१ ला इटलीत मुसोलिनीला भेटले होते आणि तिथल्या बालिला या मुलांच्या फॅसिस्ट संघटनेची शिबिरं त्यांनी पाहिली होती. म्हणजे आपल्याकडच्या मंडळींची नजर अमेरिकेपेक्षा युरोपकडे जास्त होती.

मराठे_इंडियाना

@माजी_कॅडेट, तेच तर. इथे बऱ्याच शाळांत आरओटीसी घेतली की शारीरिक शिक्षणाच्या तासातून सुटका मिळायची. कवायतीचे तास पीटीत जमा धरत. मंदीच्या दिवसांत त्यात आणखी एक आमिष: गणवेश फुकट. ज्या पोराकडे एकच पँट आहे त्याला लोकरी कोट, पँट, टोपी, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या असा जामानिमा मिळतो म्हटल्यावर तो देशभक्तीवर निबंध लिहीत बसत नाही, सरळ नाव नोंदवतो.

पीटीचे शिक्षक मात्र यावर खवळले होते. त्यांचं म्हणणं, "सावधान–विश्राम" ने छाती भरत नाही. न्यूयॉर्क राज्याने १९१६ ला दोन कायदे एकदम केले. वेल्श कायद्याने शाळांत शारीरिक शिक्षण सक्तीचं केलं आणि स्लेटर कायद्याने मोठ्या मुलग्यांना लष्करी प्रशिक्षण. त्यातलं लष्करी प्रशिक्षण १९२१ ला रद्द झालं, शारीरिक शिक्षण टिकलं.

डॉ_आडवाटे

मला त्या 'कमकुवत पोरं' प्रकरणावर बोलायचं आहे. १९१७-१८ च्या सैन्यभरतीत तपासलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तरुण नापास झाले किंवा मर्यादित कामापुरतेच योग्य ठरले, हा आकडा त्या काळात भाषणांतून खूप फिरला आणि युद्धानंतर राज्याराज्यांत शारीरिक शिक्षणाचे कायदे झाले ते बऱ्याच अंशी त्याच जोरावर. पण नापास कशाने झाले ते पाहा: दात, डोळे, हृदय, क्षय, हर्निया, सपाट पाऊल. यातलं काय रायफल खांद्यावर घेऊन बरं होणार आहे? किंवा बास्केटमध्ये चेंडू टाकून? शाळेत दंतवैद्य आणि दूध दिलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. निदान चुकीचं नव्हतं, औषध मात्र ज्याने त्याने आपल्या दुकानातलं खपवलं.

माजी_कॅडेट

डॉक्टर, शंभर टक्के पटलं नाही. शिस्त, वेळेवर येणं, उभं राहण्याची ढब हे कवायतीने येतंच. पण सपाट पायाला इलाज नाही हे मान्य.

खडूस_मास्तर

मूळ लेखातली मांडणी फारच सरळसोट वाटते. "शहर = कवायत, गाव = बास्केटबॉल". शिकागोच्या ज्या शाळांत आरओटीसी होती त्यांचे बास्केटबॉलचे संघ नव्हते का? १९२७ ची स्टॅगची स्पर्धा सिसरोच्या मॉर्टन हायस्कूलने जिंकली, सिसरो म्हणजे शिकागोला खेटून. पोरं तीच होती हो. सकाळी परेड, संध्याकाळी सराव. ओढाताण मोठ्यांमध्ये होती.

आणि आरओटीसीला विरोध नुसत्या पीटी मास्तरांचा नव्हता. १९२५ ला 'शिक्षणातील लष्करशाहीविरोधी' समितीच निघाली. जॉन ड्यूई यांच्यासारखा शिक्षणतज्ज्ञ कवायतीच्या सक्तीच्या विरोधात उभा होता. हे तेच ड्यूई, कोलंबियात डॉ. आंबेडकरांचे गुरू. विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९२३ लाच कवायत ऐच्छिक केली. पुढे कॅलिफोर्नियात काही मेथडिस्ट विद्यार्थ्यांनी धर्माचं कारण देऊन कवायत नाकारली, विद्यापीठाने त्यांना काढलं, प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात. डिसेंबर १९३४ ला निकाल लागला, एकमताने, विद्यार्थ्यांच्या विरोधात: राज्याचं विद्यापीठ, यायची सक्ती नाही, आलात तर कवायत करा. कॉलेजचा निकाल असला तरी हायस्कुलांच्या शाळा समित्यांनी तो नक्कीच कान देऊन ऐकला असणार.

मराठे_इंडियाना

मास्तर, पोरं तीच होती हे खरंच. पण १०० मुलग्यांची अट सरळसोटच आहे त्याला मी काय करू? शहरात दोन्ही होतं, गावात एकच, एवढंच माझं म्हणणं.

आणि या दोन गोष्टी एकत्र आणणारा एक अवलियाही होऊन गेला. कॅप्टन एडगर स्टीव्हर, वायोमिंगमधल्या शायानमध्ये, युद्धाच्या आधी. तिथल्या हायस्कूलमध्ये त्याने कवायतीचा खेळच करून टाकला. गल्लीत आपण जसे गडी वाटून घेतो तसे कॅप्टन आपापले गडी निवडणार, मग संघासंघांत चुरस. त्यात सगळ्यात गाजलेली भिंत चढण्याची शर्यत: उंच लाकडी भिंत, खालच्यांनी वरच्यांना उचलायचं, वर गेलेल्यांनी खाली वाकून शेवटच्या गड्याला हाताला धरून ओढायचं, सगळा संघ पलीकडे उतरला की घड्याळ थांबणार. मुख्य म्हणजे प्रत्येक संघाला शाळेतल्या मुली 'स्पॉन्सर' म्हणून पाठीशी. हाच 'वायोमिंग प्लॅन' म्हणून गाजला आणि ज्युनिअर आरओटीसीच्या पुरस्कर्त्यांनी त्याचे गोडवे गायले.

सैन्याच्या लोकांनाही कळत होतं की नुसत्या 'लेफ्ट-राइट'ला पोरं फार काळ टिकत नाहीत. आरओटीसीच्या नेमबाजीचंही तसंच. हर्स्ट या वृत्तपत्रसम्राटाच्या नावाचा करंडक होता, त्याचे सामने टपालाने व्हायचे. आपापल्या रेंजवर गोळ्या झाडायच्या आणि निकाल लावायला कागद पाठवून द्यायचे.

मुक्तछंदा

एवढ्या प्रतिसादांत मुली आल्या त्या 'स्पॉन्सर' म्हणून. वा! म्हणजे गणवेशाच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा.

आता खरी गंमत ऐका. बास्केटबॉल मुली सुरुवातीपासून खेळत होत्या. १९२० च्या दशकात मात्र त्यांना शाळाशाळांच्या स्पर्धांतून बाजूला करायची मोहीम निघाली, आणि ती चालवली बायकांनीच. १९२३ ला लू हेन्री हूवर (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हूवरांच्या पत्नी) यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघाचा महिला विभाग उभा राहिला. भूमिका अशी: चुरस, प्रेक्षक, तिकिटं, प्रवास हे मुलींना नको, प्रत्येक मुलीने खेळावं, पण जिंकण्यासाठी नको. हेतू अगदीच वाईट नव्हता, पुरुष प्रशिक्षकांच्या कचाट्यातून मुलींना सोडवायचं होतं. परिणाम मात्र असा की ठिकठिकाणी मुलींच्या आंतरशालेय स्पर्धा बंद झाल्या आणि जिम मोकळं झालं ते मुलांसाठी.

आयोवा अडून बसलं. तिथल्या छोट्या गावांच्या शाळा म्हणाल्या, आमच्या मुली खेळणार. त्यांनी मुलींसाठी वेगळी संघटनाच काढली आणि सहा-सहा जणींचा खेळ चालू ठेवला: तिघी पुढे, तिघी मागे, मधली रेघ ओलांडायची नाही. तो खेळ १९९३ पर्यंत चालला. म्हणजे मराठेंची 'छोट्या गावाची' थिअरी मुलींच्या बाबतीत जास्तच लागू पडते.

चकोर

मुक्तछंदाताई, हे माहीतच नव्हतं. वेगळा धागा काढा यावर.

नागपाड्याचा_बाब्या

सगळे गोऱ्यांबद्दल बोलताय. काळ्या मुलांच्या शाळांचं काय?

इंडियानापोलिसमध्ये क्रिस्पस अटक्स हायस्कूल १९२७ ला काढलं ते खास काळ्या मुलांना वेगळं ठेवायला. राज्याच्या क्रीडा संघटनेने त्यांना आपल्या स्पर्धेत घेतलंच नाही. का, तर म्हणे ही सार्वजनिक शाळा 'सगळ्यांना खुली' नाही. आधी दार लावायचं आणि मग आत आहेस म्हणून दोष द्यायचा! कॅथलिक शाळाही बाहेरच. त्यांनी शिकागोत लोयोला विद्यापीठात १९२४ पासून स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा भरवली. इंडियानाने या शाळांना दार उघडलं १९४२ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना. आणि १९५५ ला अटक्स राज्यविजेतं झालं, ऑस्कर रॉबर्टसन त्या संघात.

शिकागोत वेंडेल फिलिप्स हायस्कूल होतं, काळ्या वस्तीतलं. तिथून निघालेले खेळाडू पुढे हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या मुळाशी होते. नाव हार्लेम, पोरं शिकागोची.

अवांतर: आपल्या मुंबईत हा खेळ आला तो अमेरिकन मिशनऱ्यांच्या आणि वायएमसीएच्या मार्गाने. मद्रासला १९२० ला हॅरी बक यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. बक स्प्रिंगफील्डचे, म्हणजे जिथे नेस्मिथने १८९१ ला हा खेळ शोधला तिथलेच. नागपाडा नेबरहुड हाऊस १९२६ चं, क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी उभारलेलं. टाटा समाजविज्ञान संस्थेचे पहिले संचालकही तेच. नागपाड्याच्या कोर्टावर किती पिढ्या घडल्या ते आमच्याकडे येऊन विचारा. कवायत कुणी केली नाही, पण पहाटे अजानच्या वेळेला रिंगणात चेंडू आपटल्याचा आवाज हमखास.

माजी_कॅडेट

बाब्या, नेस्मिथचं नाव काढलंस म्हणून. हा माणूस स्वतः १९१६ ला कॅन्सस नॅशनल गार्डचा चॅप्लेन (सैन्यातला पाद्री) म्हणून मेक्सिकोच्या सीमेवर गेला होता आणि नंतर वायएमसीएच्या कामावर युद्धकाळात फ्रान्समध्ये होता. छावणीतल्या सैनिकांना दारू आणि बाकीच्या भानगडींपासून दूर ठेवायला खेळ हवेत, हे वायएमसीएचं सूत्र. १९१९ ला पॅरिसजवळ पर्शिंग स्टेडियमवर दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांचे सामने झाले त्यात बास्केटबॉलही होता, आणि अमेरिकनांनी तो हातोहात जिंकला. युद्धातून परतलेले हेच लोक पुढे गावोगाव प्रशिक्षक, पंच, शाळा समितीचे सदस्य झाले. म्हणून मला वाटतं, कवायत आणि बास्केटबॉल यांत भांडण कमी, भाऊबंदकी जास्त.

खडूस_मास्तर

भाऊबंदकी म्हणजेच भांडण हो कॅडेट. जमिनीच्या तुकड्यावरून. इथे जिमच्या.

चकोर

😂 मास्तर फॉर्मात.

मराठे, खेळ प्रत्यक्षात कसा असायचा तेव्हा? १३–११ म्हणजे चार वेळा जादा वेळ खेळूनही दोघांचे मिळून २४ गुण? आमच्या सोसायटीची पोरं दहा मिनिटांत एवढे करतात.

मराठे_इंडियाना

छान प्रश्न. १९३७ पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मधल्या वर्तुळात जायचा आणि दोघांनी उडी मारून तो टिपायचा. घड्याळ चालूच. त्यात १९३२ पर्यंत चेंडू दहा सेकंदांत अर्धी रेघ ओलांडून पुढे न्यायचं बंधनही नव्हतं. आघाडी मिळाली की चेंडू आपल्याच अर्ध्यात घेऊन नुसतं उभं राहायचं, समोरचे आले तर आले. चेंडूही दोरीने शिवलेल्या तोंडाचा, आपटला तर सरळ वर येईलच याची खात्री नाही.

१९२८ चा इंडियानाचा अंतिम सामना याचा नमुना. मार्टिन्सव्हिल विरुद्ध मन्सी सेंट्रल. मार्टिन्सव्हिल आदल्या वर्षीचे विजेते, त्याच मन्सीला २६–२३ असं हरवून. त्यांच्या संघात जॉन वुडन, जो पुढे यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणार होता. सामना नव्याकोऱ्या बटलर फील्डहाउसमध्ये, सुमारे १५ हजारांची जागा. मार्टिन्सव्हिल १२–११ ने पुढे, वेळ संपत आलेली. मधल्या वर्तुळातून उडीचा चेंडू उडाला तो मन्सीच्या चार्ली सीक्रिस्टच्या हाती. त्याने तिथूनच, बास्केट एवढ्या लांब असताना, दोन्ही हातांनी खालून चेंडू भिरकावला. छताच्या तुळयांकडे गेला म्हणतात. खाली आला तो थेट कड्यातून. १३–१२. वुडन यांनी म्हातारपणीही त्या फेकीची आठवण काढली, आपण पाहिलेली सगळ्यात उंच फेक म्हणून.

हेच वुडन दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले. काम काय, तर शारीरिक प्रशिक्षणाचे अधिकारी. १९१८ च्या धास्तीतून शाळांत जे पेरलं त्याचं पीक १९४२ नंतर सैन्याने असं काढलं.

डॉ_आडवाटे

दुसऱ्या महायुद्धाच्या भरतीतही भरपूर तरुण नापास झाले, आणि दात तेव्हाही ठळक कारण होतं. म्हणजे वीस वर्षं कवायत आणि बास्केटबॉल, दोन्ही करून. मी माझं दुकान पुन्हा एकदा मांडतो: दंतवैद्य!

मुक्तछंदा

डॉक्टर 😄

ते बटलर फील्डहाउस अजून आहे का? पुढच्या उन्हाळ्यात बहिणीकडे इंडियानापोलिसला जायचंय.

मराठे_इंडियाना

आहे ना, आता त्याला हिंकल फील्डहाउस म्हणतात. बटलर विद्यापीठाचे सामने अजून तिथेच होतात. राज्याच्या क्रीडा संघटनेने तिथे अंतिम सामने भरवायचा करार केला म्हणून एवढं मोठं बांधता आलं, आणि युद्ध आल्यावर तेच सैन्याने ताब्यात घेतलं. १९४३ ते १९४५ तिथे हवाई दलाच्या आणि नौदलाच्या जवानांची बराक होती आणि पोरांचे अंतिम सामने गावातल्या दुसऱ्या सभागृहात हलवले. @खडूस_मास्तर, जिमच्या तुकड्याचा निकाल त्या तीन वर्षांपुरता कुणाच्या बाजूने लागला ते तुम्हीच सांगा.

खडूस_मास्तर

तीन वर्षं भाडेकरू राहिले म्हणून घर त्यांचं होत नाही. मुक्तछंदाताई, गेलात तर वरच्या मजल्यावरून मधल्या वर्तुळाकडे बघा आणि सीक्रिस्टची ती फेक शक्य वाटते का ते इथे येऊन लिहा. मला अजून तुळयांचं पटलेलं नाही.